तुम्ही विचारलंत म्हणून: जमैकाच्या ऊसमळ्यावर बायका काय करायच्या?

हा प्रश्न बहुतेक वेळा उत्तर सोबत घेऊनच येतो: "पुरुष उसात आणि बायका मालकाच्या घरात, असंच ना?" नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जमैकातल्या (कॅरिबियन समुद्रातलं हे बेट तेव्हा ब्रिटिश वसाहत होतं) मोठ्या मळ्यांवर फडात राबणाऱ्या गुलामांमध्ये बायकाच जास्त असायच्या. घरकामाला, शिवण-धुण्याला ठेवलेल्या मूठभर.

असं का, ते मळ्याच्या कामवाटपातच दिसतं. सुतार, लोहार, पिंपं बांधणारे, रम गाळणारे, रस आटवणारे (आपल्याकडचे गुळवे) आणि बहुतेक मुकादम पुरुषच. हुन्नर शिकायला उचलायचे ते मुलगे. मुलींपुढे वाटा थोड्या: दवाखान्यात सेवा, सुईणपण, स्वयंपाक, धुणं. बाकी सगळ्या शेतात. पुरुष जसजसे फडातून बाहेर काढले गेले, तसतशी ती जागा बायकांनी भरली.

फडावर टोळ्या असत. तिसरी टोळी पाच-सहा वर्षांपासूनच्या पोरांची: खुरपणी, जनावरांना गवत. त्यांच्यावर हातात छडी घेतलेली एखादी म्हातारी. दुसरीत वाढत्या वयाची मुलं आणि आजारातून उठलेले. पहिलीत धडधाकट माणसं आणि सगळ्यात वाईट काम, म्हणजे उसाचे खड्डे. दोरी आणि खुंट्या लावून शेताचे चौकोन आखायचे. प्रत्येक चौकोन साधारण साडेतीन-चार फुटांचा. रुंद पात्याच्या खोऱ्यानं अर्धा फूट माती काढून कडेला बांधासारखी रचायची. माणशी दिवसाला ६० ते १०० खड्डे. बाई म्हणून खड्डे कमी नाहीत, आणि मागे राहिली तर चाबूकही कमी नाही. मग डोक्यावरून टोपल्यांनी शेण वाहायचं, बेणं आडवं टाकून थोडी माती लोटायची. चिखल असला की टोपली गळायची ती अंगावर. ज्यांनी खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून फुटणारं पुढचं पीक) राखलाय त्यांना कळेल, मळेवाले खोडव्यावर का भिस्त ठेवत: नव्या लागणीत माणसं मोडत.

जानेवारीपासून पाच-सहा महिने तोडणी. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर रस आंबतो, म्हणून चरक रात्रंदिवस चालू. दिवसभर फडात आणि पाळीपाळीनं अर्धी रात्र चरकाशी. उभ्या तीन लाटांच्या (रुळांच्या) त्या चरकात ऊस सारायचं काम बहुधा बायकांकडे. डुलकी लागली, बोट अडकलं, की हात आत. बैल किंवा पाण्याचं चाक एका हाकेत थांबत नाही; म्हणून शेजारी कुऱ्हाड टेकवून ठेवलेली असे, हात तोडून जीव वाचवायला.

याच बाईकडून मळ्याला मूलही हवं असे, कारण मूल आईच्या दर्जाचं: आई गुलाम तर मूल गुलाम, बाप गोरा मालक असला तरी. पण आफ्रिकेतून माणसं विकत मिळत होती तोवर बाळंतपणाकडे लक्ष देणं मालकांना महाग वाटे. गुलामांचा व्यापार बंद होण्याची चिन्हं दिसली तेव्हा जाग आली. १७९२ च्या जमैकाच्या कायद्यानं सहा मुलं हयात असलेल्या आईला कष्टाच्या कामातून सूट दिली. सहा हयात! गरोदरपणात बरेच महिने खोरं, बाळंतपणानंतर थोड्या आठवड्यांत पुन्हा फड, अपुरं खाणं आणि पहिल्या नऊ दिवसांत धनुर्वातानं जाणारी बाळं. या परिस्थितीत ही सवलत किती जणींच्या वाट्याला येणार? मळेवाल्यांनी मात्र दोष सुईणींवर ढकलला.

शिध्यासाठी मळ्याच्या कडेची डोंगराळ जमीन तोडून दिलेली असे. तिथलं रताळं, केळी, कोंबड्या घेऊन बायका रविवारी बाजाराला जात. बेटावरच्या फुटकळ व्यापाराचा मोठा भाग अशा विक्रेत्यांच्या हातात होता. बातम्याही याच वाटेनं फिरत.

बायकांना फटके मारणं बंद करा, असं १८२३ मध्ये लंडनहून सुचवलं गेलं. जमैकाच्या विधानसभेनं मानलं नाही. १ ऑगस्ट १८३४ ला गुलामगिरी कायद्यानं संपली, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली मोठ्यांना त्याच मालकाकडे राबणं सक्तीचं राहिलं. बायकांना फटके मारायला कायद्यानं बंदी आली. त्याऐवजी तुरुंगात पायचक्कीवर (पायऱ्यांचं फिरतं चाक, त्यावर सतत चढत राहायचं) चढवू लागले. सहा वर्षांखालची मुलं मात्र तत्काळ मोकळी झाली होती. आईनं संमती दिली तर त्यांनाही कामाला बांधून घेता येत होतं. जवळपास कुणीच दिली नाही. चिडलेल्या मालकांनी अंगावर पाजण्याची सुटी आणि मुलं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या काढून घेतल्या, तरीही नाही.

१८३८ मध्ये ही सक्तीही संपली आणि अनेक बायकांनी खोरं टाकलं ते टाकलंच. स्वतःचा तुकडा, बाजार, पोरं पाहू लागल्या. मळेवाले "मजूर मिळत नाहीत" म्हणून ओरडत राहिले. मे १८४५ मध्ये जमैकाच्या 'ओल्ड हार्बर बे' या बंदराला 'ब्लंडेल हंटर' हे जहाज लागलं, त्यातून करारावर आणलेले हिंदुस्थानी मजूर उतरले. त्यांतही बायका होत्या.