‘बाबा, तुम्ही बसा’

आमचे बाबा एसटीत कंडक्टर होते, ३२ वर्षं. त्यातली बरीचशी वाई-पाचगणी-महाबळेश्वर याच रूटवर गेली. पसरणी घाट ज्यांनी लाल डब्यातून चढलाय त्यांना माहितीये, वळण आलं की बसलेली माणसं पण समोरचा दांडा घट्ट धरतात, आणि कंडक्टर मात्र मधल्या बोळात उभा, काखेत तिकिटांची पेटी, एका हातात पंच, दुसऱ्या हातात सुट्टे पैसे, धरायला तिसरा हातच नाही. फार तर कंबर सीटला टेकवायची. लहानपणी मी कितीदा तरी बघितलंय, गाडी डावीकडे झुकली की बाबा उजवीकडे, जसं काही त्यांच्या पायांना वळणं पाठ होती.

तर हा माणूस गेल्या वर्षी पहाटे साडेतीनला लघवीला उठला आणि न्हाणीच्या उंबऱ्यात पडला. वय ७६.

काही मोडलं नाही. खुबा काळानिळा झाला, दोन दिवस लंगडले, एक्सरे नॉर्मल. पण मी पुण्यात आणि हे दोघंच वाईला, माझा जीव थाऱ्यावर नाही, आठवड्याभरात गाडी घेऊन गेलो आणि दोघांना इकडे घेऊन आलो. आता इथून पुढे जे आम्ही केलं ते सांगायलाच ही पोस्ट लिहितोय, कारण ते मी एकट्याने नाही तर आजूबाजूच्या निम्म्या घरांनी केलेलं आहे असं आता दिसतंय.

आम्ही त्यांना बसवलं.

म्हणजे अगदी प्रेमाने बसवलं. सोफ्याचा कोपरा त्यांचा, उशी पाठीला, रिमोट हातात. चहा जागेवर. पाणी हवंय? नातू आणून देतो. उठायला लागले की घरातून चारही बाजूंनी एकच आवाज, ‘बाबा, तुम्ही बसा!’ वाईला ते सकाळी दुधाला जायचे, मंडईतून भाजी आणायचे, अंगणातल्या दोन कुंड्यांना वाकून पाणी घालायचे. इथे चौथा मजला, लिफ्ट, दूध दारात, भाजी ॲपवर. दोन अडीच महिने असे गेले आणि आम्हाला वाटत होतं की आपण किती काळजी घेतोय.

मग एक दिवस सोफा आणि टीपॉयच्या मध्ये पडले. दुपारी, लख्ख उजेडात, कोरड्या फरशीवर. उठायला गेले, अर्धे उठले, मागे तोल गेला, सावरायला हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

प्लास्टर निघाल्यावर मनगटाच्या व्यायामासाठी एक फिजिओथेरपिस्ट ताई घरी यायला लागली. पहिल्याच दिवशी तिने मनगटाकडे बघितलंच नाही. म्हणाली, ‘काका, मनगट मोडलं ते पडल्यामुळे, पण पडलात कशामुळे?’ बाबा म्हणाले पाय घसरला. आपल्याकडे सगळ्यांचा पायच घसरतो. ती म्हणाली बरं, या खुर्चीवर बसा, हात छातीवर घ्या, आणि हात न लावता उभे राहा.

नाही जमलं! पुढे झुकले, ढुंगण दोन बोटं उचललं आणि परत बसले. दुसऱ्यांदा पण तेच. तिसऱ्यांदा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर गेले. मी समोर उभा होतो आणि खरं सांगतो, एक्सरे बघताना वाटलं नव्हतं तेवढं त्या वेळी वाईट वाटलं.

ही टेस्ट अगदी साधी आहे. ३० सेकंदात हात न लावता किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं, आणि हातांचा आधार घेतलाच तर आकडा शून्य. ७५ ते ७९ वयाच्या पुरुषाला ११ पेक्षा कमी आणि बाईला १० पेक्षा कमी आलं तर पडण्याचा धोका जास्त धरतात. साठीतल्यांना, म्हणजे ६० ते ६४, हेच आकडे १४ आणि १२ आहेत. बाबांचा शून्य. आईने गंमत म्हणून केली, वय ७१, तिला गुडघेदुखी आहे, तिचे १२ झाले. त्या दिवसापासून हा विषय आमच्याकडे रोज निघतो.

ताईने समजावलं ते माझ्या शब्दात सांगतो. ठेच सगळ्यांनाच लागते, तुम्हाला, मला, कॉलेजच्या पोराला पण. फरक पुढच्या अर्ध्या सेकंदात आहे. तोल गेला की एक पाय झटकन पुढे टाकायचा आणि त्या पायाने अख्ख्या शरीराचं वजन झेलायचं, हे झालं तर आपण ‘अरे वाचलो’ म्हणतो आणि विसरून जातो, हे नाही झालं तर फरशीवर. आता स्नायूंमध्ये दोन तऱ्हेचे तंतू असतात, एक सावकाश पण बराच वेळ काम करणारे आणि एक झटक्यात जोर लावणारे, आणि वय वाढतं तसे हे झटक्याचे तंतूच जास्त बारीक होतात. म्हणून मांडी दिसायला तेवढीच असते पण जोर कमी झालेला असतो, आणि जोर असला तरी तो पटकन लावता येत नाही. याला सार्कोपेनिया असं नाव आहे, १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने ग्रीक शब्दांवरून दिलेलं, अर्थ मांस कमी होणं. नाव द्यावं लागलं कारण तोपर्यंत सगळे त्याला नुसतं ‘वय झालं’ म्हणत होते.

आणि बसून राहिल्याने काय होतं? एका अभ्यासात चांगल्या धडधाकट म्हाताऱ्या माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं तर त्यांच्या पायांमधलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. दहा दिवसांत! बाबा काही झोपून नव्हते, पण अडीच महिने सोफ्यावर होते, आणि वर पडण्याची भीती. ते भिंत चाचपत चालायला लागले होते, छोटी छोटी पावलं टाकत, आणि आम्ही म्हणत होतो बघा किती जपून चालतात.

बरं मी स्वतः ताईला म्हणालो होतो की खाली बागेत रोज फिरायला नेतो मग. ती म्हणाली न्या, चांगलंच आहे, पण नुसत्या चालण्याने हे सुटत नाही. चालताना मांडीला काही विशेष जोर लावावा लागत नाही आणि तोलाची परीक्षा पण होत नाही. २०१९ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, १०८ चाचण्या एकत्र करून बघितल्या, २३ हजारांवर माणसं होती त्यात, व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यातही उपयोग दिसला तो तोल सांभाळण्याच्या आणि उठबस टाइप व्यायामांचा.

आमचा व्यायाम असा सुरू झाला. खुर्ची भिंतीला टेकवून, म्हणजे मागे सरकणार नाही. त्यावर आईच्या जुन्या गोधडीची घडी, चांगली वीतभर उंच, कारण उंचावरून उठायला सोपं जातं. त्यावरून हात छातीवर घेऊन उठायचं, आणि बसताना धपकन नाही बसायचं, सावकाश. बसताना सावकाश हेच जास्त अवघड निघालं. दर आठ-दहा दिवसांनी गोधडीची एक घडी कमी. मग स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या, मग चवडे उचलायचे, मग घोट्याला वजन बांधून पाय बाजूला न्यायचा, अर्धा किलोपासून सुरुवात. शेवटी फरशीच्या रेघेवरून एका पावलापुढे दुसरं पाऊल चिकटवून चालायचं, एक हात भिंतीजवळ आणि मी बाजूला. हे बरंचसं न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाच्या कार्यक्रमावरून घेतलेलं आहे, तिकडे घरातल्या घरात, आठवड्यातून तीनदा, अर्धा तास, एवढ्यावर म्हाताऱ्या माणसांचं पडणं साधारण एक तृतीयांशाने कमी झालं होतं.

पहिले पंधरा दिवस बाबा वैतागले होते. ‘या वयात काय पैलवान करणार आहात का मला?’ मग मी त्यांना बोस्टनची गोष्ट सांगितली. १९९० मध्ये तिथल्या एका वृद्धांच्या संस्थेत ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना वजनं उचलायला लावली, ८ आठवडे, हळूहळू वाढवत. एकाने मध्येच सोडलं, बाकीच्यांच्या मांड्यांचा जोर सरासरी १७४ टक्क्यांनी वाढला, म्हणजे होता त्याच्या पावणेतीनपट. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, ‘९६? मग मी हाफ तिकीट.’ त्यानंतर जरा लाइनवर आले. आता प्रत्येक वेळी उभं राहिलं की स्वतःच ‘टण टण’ म्हणतात, डबल बेल.

खाण्याचा पण घोळ होताच. बाबांचा दिवस म्हणजे चहा-बिस्किट, दुपारी आमटी-भात, संध्याकाळी चहा-खारी, रात्री ‘भूक नाही, थोडा दहीभात दे’. या वयात किलोमागे निदान एक ते सव्वा ग्रॅम प्रोटीन हवं म्हणतात, बाबांचं वजन ५८, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. मी एक दिवस मोजलं तर तीसच्या आसपास येत होतं. वाटीभर डाळीत सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यात सात. आता सकाळी दोन अंडी, बिस्किटाऐवजी शेंगदाणे-गूळ, आमटी जरा दाट. किडनीचा त्रास असेल त्यांनी हे आधी डॉक्टरांना विचारा. आणि पावडरचे डबे आणून काम होईल असं वाटत असेल तर तसं नाही, त्याच बोस्टनवाल्यांनी १९९४ मध्ये १०० जणांवर मोठी चाचणी घेतली त्यात व्यायाम नसताना नुसत्या पौष्टिक पेयाने जोर वाढलाच नाही.

बाकीच्या गोष्टी पण केल्या, रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा, घसरणारी रबरी चप्पल फेकली, बाथरूममध्ये धरायला दांडा. डॉक्टरांनी झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद केली. पहाटे उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मगच उभं राहायचं, कारण बीपीच्या गोळ्या चालू असल्या की एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते. ज्यांना मुळात चक्करच येते त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावं.

एक विचार मात्र डोक्यातून जात नाही. आमच्या आजीकडे खुर्चीच एक होती, ती पण पाहुण्यांची. जेवायला पाट, निवडायला-टिपायला जमीन, संडास उकिडवा. दिवसात वीस-पंचवीस वेळा जमिनीवरून उठायची ती, त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हतं. मग आम्ही डायनिंग टेबल घेतलं, पलंग घेतला, कमोड बसवला. गुडघ्यांसाठी ते लागतंच, आईला विचारा. पण ती उठबस गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही.

तीन महिने झाले. गोधडी संपली. परवा मोजलं, बाबांचे ८ झाले, ११ ला अजून वेळ आहे आणि आईचे १२ तर ते विषयच काढू देत नाहीत. पुढच्या महिन्यात वाईला परत जायचं म्हणतायत, तेही एसटीने, मी कारने सोडतो म्हणालो तर रागावले.

व्यायामाच्या खुर्चीवर कोणी कपडे टाकायचे नाहीत असा बाबांनी नियम केलाय. घरात तो मी सोडून सगळे पाळतात.