तुम्ही विचारलंत म्हणून : युरोपसारखे लग्नाचे फोटो मुंबईत कुठे काढावेत?

लग्नाचे फोटो काढण्याच्या व्यवसायात मला सोळा वर्षे झाली आणि या काळात जो प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला तो असा : "मॅडम, आम्हाला युरोपसारखे फोटो हवेत, पण युरोपला जाणे काही जमणार नाही. मुंबईत कुठे काढता येतील?" प्रश्नाबरोबर बहुधा मोबाइलवर एक छायाचित्र पुढे केले जाते. त्यात पॅरिसची किंवा प्रागची एखादी दगडी गल्ली असते, मुलीच्या झग्याचा घोळ वाऱ्यावर उडत असतो, मुलगा तिच्याकडे पाहत उभा असतो आणि मागे चिटपाखरूही नसते. फोनवर मी आजवर दोन-चार जागांची नावे सांगून मोकळी होत आले, आणि मग त्या जागी भर दुपारी जाऊन निराश झालेल्या जोडप्यांचे फोन घेत आले. म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

ते छायाचित्र आधी नीट पाहावे, असे माझे सांगणे असते. खांब आणि कमानी आपल्या डोळ्यांत पटकन भरतात. पण तो फोटो युरोपातला वाटतो याचे निम्मे श्रेय तिथल्या तिरप्या, मवाळ उजेडाला आणि पहाटेच्या रिकाम्या रस्त्याला असते. डिसेंबरात ऐन दुपारीही लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, तर मुंबईत त्याच वेळी तो सुमारे ४८ अंशांवर असतो. मे महिन्याच्या मध्याला तर मुंबईत शून्य सावली दिवस येतो, म्हणजे सूर्य अगदी डोक्यावर, भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाची सावली ओठांवर. नेमके तेव्हाच लग्नाचे मुहूर्त दाटीवाटीने असतात. संधिप्रकाशाचेही तसेच आहे. आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत फोटोपुरता उजेड संपतो, लंडनमध्ये जूनमध्ये तो त्याच्या दुपटीने रेंगाळतो. त्यामुळे मुंबईत जागा निवडणे म्हणजे त्या जागेचा तास निवडणे होय, आणि तास चुकला तर दीडशे वर्षांची इमारतही कामी येत नाही.

हे मी अनुभवाने शिकले. व्यवसायाच्या दुसऱ्याच वर्षी एका जोडप्याला घेऊन मी टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या, पायऱ्यांवर सकाळी आठला पोहोचले. १८३३ साली पूर्ण झालेली ही इमारत कर्नल थॉमस काउपर यांनी ग्रीक मंदिराच्या धर्तीवर आखलेली आहे. रुंद दगडी पायऱ्या, त्यांच्या माथ्यावर जाड डोरिक खांबांची रांग आणि वर त्रिकोणी कपाळपट्टी. मुंबईत याहून अधिक युरोपीय काय सापडणार, असे मला वाटले होते. मात्र ही इमारत पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, याचा मी विचारच केला नव्हता. सकाळी सूर्य तिच्या पाठीशी होता, आकाश पांढरे फटफटीत आणि खांब करडे, निर्जीव. मुलीच्या आईने मला अगदी सौम्यपणे विचारले, "फोटो असेच काळपट येणार का?" आम्ही तसेच परतलो, आणि डिसेंबरातल्या एका दुपारी साडेतीनला पुन्हा गेलो, तेव्हा त्याच खांबांवर मधासारखे ऊन होते. तेव्हापासून कोणत्याही इमारतीचे तोंड कुठल्या दिशेला आहे, हे मी तिच्या सौंदर्याच्या आधी पाहते.

सकाळचीच वेळ मिळाली असेल, तर टाउन हॉलकडे पाठ करून रस्ता ओलांडावा आणि हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली शिरावे. एकेकाळी इथे बॉम्बे ग्रीन नावाचे मोकळे मैदान होते आणि तिथे कापसाचे गठ्ठे रचले जात. १८६० च्या दशकात त्या जागी मध्ये वर्तुळाकार बाग आणि भोवती एकसारख्या दर्शनी भागांच्या इमारती अशी आखणी झाली. त्याला तेव्हा एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. पुढे 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव त्याला मिळाले. इमारतींच्या तळमजल्यावरून कमानींची जी पडवी वळत वळत जाते, ती माझ्या मते शहरातली सर्वांत गुणी जागा आहे. वर छत असल्यामुळे डोक्यावरचे ऊन येत नाही, उजेड फक्त बागेच्या बाजूने येतो आणि जुन्या चित्रांत खिडकीपाशी बसलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावर जसा एका गालावरून दुसऱ्या गालाकडे प्रकाश विरत जातो तसा तो विरत जातो. शिवाय पडवी वळणदार आहे, त्यामुळे तिच्या टोकाला काय आहे ते दिसतच नाही. फोटोतल्या रस्त्याला अंत नसल्यासारखा भास होतो. थोडी लांब पल्ल्याची, ८५ मिलिमीटरची लेन्स लावून मागे सरकले, की कमानी एकमेकींवर सरकून दाट होतात आणि कडेला उभी असलेली मोटरसायकल चौकटीबाहेर जाते.

रिकामेपणा हवा असेल तर बॅलार्ड इस्टेट, आणि तोही रविवारी. बंदराच्या गोदीसाठी खोदकाम करताना निघालेल्या भरावावर पोर्ट ट्रस्टने हा भाग वसवला आणि १९१४ ते १९१८ या काळात जॉर्ज विटेट यांच्या देखरेखीखाली तो उभा राहिला. गेटवे आणि वस्तुसंग्रहालय घडवणारे हेच ते विटेट. पण तिथे त्यांनी घुमट आणि गुजराती वळणाच्या कमानी वापरल्या, तर इथे सरळसरळ लंडनचा कचेऱ्यांचा मोहल्ला आणून ठेवला. इमारतींची उंची एकसारखी, दगडी दर्शनी भाग गंभीर, रस्त्यांच्या कडेला झाडे आणि सगळी वस्ती कचेऱ्यांची. रविवारी सकाळी साडेसहाला इथे एखादा वॉचमन, दोन-तीन कुत्री आणि चहाची किटली घेऊन निघालेला पोऱ्या एवढेच असतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे ऊन रस्त्यावर उतरायला वेळ लागतो आणि तोवर समोरच्या दगडावरून परतलेला उजेड चेहऱ्यांवर मिळत राहतो. एक खबरदारी मात्र घ्यावी : नौदलाची गोदी जवळच आहे आणि तिच्या दिशेने कॅमेरा रोखणे सक्त मना आहे. ड्रोनचा विषय तर दक्षिण मुंबईत काढूच नये.

ओव्हल मैदानाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे समोरासमोर दोन काळ उभे आहेत. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर अशी टोकदार कमानी-मनोऱ्यांची गॉथिक रांग, पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या, सुटसुटीत रेषांच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती. दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. गॉथिक रांगेचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे संध्याकाळ तिची. विद्यापीठाचे दीक्षांत सभागृह आणि ८५ मीटर उंचीचा राजाबाई टॉवर यांचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून काढला, मुंबईत त्यांचे पाऊलही पडले नाही. युरोप न पाहता युरोपसारखे फोटो मागणाऱ्या जोडप्यांना मी हे हटकून सांगते. म्हणजे त्यांचा संकोच जरा कमी होतो. आवारात शिरायला परवानगी लागते, पण मैदानातून, माडांच्या रांगेवरून वर निघालेला तो मनोरा पाठीमागे घेतला तर आत जाण्याची गरजही पडत नाही. अडचण एकच, रविवारी मैदानावर एकाच वेळी इतके क्रिकेटचे सामने चालू असतात, की वधूच्या कपाळावर चेंडू बसण्याची भीती काल्पनिक राहत नाही. आठवड्याच्या मधला वार घ्यावा.

कपड्यांचा प्रश्न इथेच येतो. पांढरा झगाच हवा असा आग्रह असेल तर मी वाद घालत नाही, पण फिकट पिवळसर दगडासमोर पांढरे कापड फार काही बोलत नाही. तीच गत पिवळ्या अष्टपुत्रीची; विद्यापीठाच्या भिंतीसमोर ती अक्षरशः हरवते, आणि हायकोर्टाच्या काळसर बेसाल्टसमोर उजळून निघते. जांभळी किंवा गर्द हिरवी पैठणी मात्र या सगळ्या दगडांवर राज्य करते. युरोपीय वाटण्यासाठी नऊवारी सोडावी लागते, असे मला कधीच वाटले नाही. उलट टाउन हॉलच्या पायऱ्यांवर नऊवारीचा ओचा सावरत उतरणारी मुलगी हा माझ्या संग्रहातला सर्वांत जास्त वेळा मागितला जाणारा फोटो आहे. काळी-पिवळी टॅक्सी चौकटीत आली तर ती पुसून टाका, असे सांगणारेही भेटतात. पूर्वी मी पुसत असे, आता ठेवते. जुन्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या आणि तेव्हा पुसलेल्या टॅक्सींची मला हळहळ वाटते.

काही जागांना मी नाही म्हणते. हुतात्मा चौकातली फ्लोरा ही रोमन देवतेची मूर्ती, १८६४ च्या, पोर्टलंड या इंग्लिश दगडातल्या कारंज्यावरची. मागणी तिला पुष्कळ असते. पण तिच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचे स्मारक आहे आणि कॅमेरा कुठेही वळवला तरी मशाल हाती घेतलेली स्मारकातली शेतकरी-कामगाराची जोडी मागे येते. तिच्यापुढे चुंबनाची पोझ घ्यायला सांगणे मला जमत नाही. पुण्याच्या आगाखान पॅलेसच्या इटालियन कमानींबद्दलही मी हेच सांगते. १९४४ मध्ये कस्तुरबा तिथेच स्थानबद्धतेत गेल्या आणि त्यांची समाधी त्याच आवारात आहे. गिरगावातल्या खोताच्या वाडीचे आणि पणजीच्या फोंतेन्हासचे कारण निराळे. लाकडी जिने, रंगवलेल्या भिंती, खिडक्यांच्या नक्षीदार झडपा सगळे देखणे आहे, पण ती माणसांची राहती घरे आहेत. कुणाच्या तरी ओसरीवर, त्यांचा चहा व्हायच्या आत, अनोळखी जोडपे मिठी मारून उभे राहिले तर घरमालकाने काय करावे? फोंतेन्हासमध्ये फोटो काढू नका अशा पाट्या घरांवर लागल्या त्या उगीच नव्हेत. ओळख काढून, घरी जाऊन विचारून, त्यांच्या सोयीने गेलात तर गोष्ट वेगळी. मी दोनदा तशी गेले आहे आणि दोन्ही वेळा घरच्या आजींनाही फोटोत घेतले.

लवासाबद्दलही विचारले जाते. इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर रंगवलेल्या इमारती वरसगावच्या पाण्याकाठी आहेत आणि दुरून त्या छान दिसतात, जवळून पोपडे दिसतात. फायबरचा आयफेल टॉवर आणि लाल टेलिफोन बूथ उभारलेल्या भाड्याच्या सेटविषयी मी काही बोलत नाही. ज्यांना ते आवडते त्यांना माझी गरज नसते.

परवानग्यांचे थोडक्यात सांगायचे, तर हातातला एक कॅमेरा आणि दोन माणसे यांना सहसा कोणी हटकत नाही. ट्रायपॉड, छत्र्या-दिवे, कपडे बदलायची गाडी आणि पाच मदतनीस आले की ते चित्रीकरण ठरते आणि मग पोलिसांची, त्या त्या संस्थेची किंवा पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी हाताशी असावी. रेल्वे स्थानकात तर व्यावसायिक फोटोंसाठी ती आधीच काढावी लागते. म्हणूनच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा मी क्वचित विचार करते.

आता शेवटचे, आणि लोकांना सर्वांत कमी पटणारे. मुंबईत युरोपचा उजेड वर्षातून एकदाच मुक्कामाला येतो, तो पावसाळ्यात. ढगांनी ऊन गाळून घेतलेले असते, दिवसभर सावल्या मऊ राहतात, सकाळी दहालाही काम करता येते. भिजलेला बेसाल्ट काळाभोर होतो आणि बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यावर समोरची इमारत उलटी उतरते. पण तो चातुर्मास असतो, लग्ने नसतात आणि फोटो लग्नाच्या आसपासच काढायचे असा आपला समज असतो. मार्गशीर्षात लग्न असेल तर श्रावणात फोटो काढायला काय हरकत आहे, असे मी विचारते तेव्हा घरातले ज्येष्ठ एकमेकांकडे पाहतात. एका आजोबांनी मात्र मला स्पष्टच सांगितले होते, की मुहूर्त लग्नाचा काढतात, फोटोंचा नव्हे. त्यांच्या नातीचे फोटो ऑगस्टमधल्या एका रविवारी, रिमझिम पावसात काढले. आजोबा स्वतः बरोबर आले होते आणि मी दम घ्यायला थांबले की लेन्सवर छत्री धरत होते.

तुम्हीही पावसाळाच निवडलात तर छत्री घरून आणा, मोठी, लाकडी दांड्याची आणि काळी. फुलाफुलांच्या घडीच्या छत्रीखाली हॉर्निमन सर्कलही दादरच्या फूटपाथसारखे दिसते.