लावण्य आणि आमटी

शाळेच्या मागच्या खिडक्यांतून मिठागरं दिसायची. भरतीचं पाणी आत घ्यायचं, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत उन्हात आटवायचं आणि शेवटच्या वाफ्यात दाणा धरला की ओढून कडेला रास करायची. हे आम्ही चालायला लागल्यापासून बघत होतो. शिरोड्याच्या १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहावर निबंध लिहून लिहून तर आमचे हात दुखले होते. त्यामुळे मिठाबद्दल आपल्याला कोणी नवीन काही सांगेल, असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं.

आठवीत संस्कृतच्या बाईंनी सांगितलं. एका सुभाषितात ‘लावण्य’ शब्द आला. अर्थ सगळ्यांना येत होता, सौंदर्य. बाई म्हणाल्या, “खिडकीतून बाहेर बघा, तिथे पडलंय ते.” बाहेर दोघी बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चालल्या होत्या. वर्गात खसखस पिकली. बाई हसल्या नाहीत. “बायका नव्हेत रे, त्यांच्या मागची रास. लवण म्हणजे मीठ. लवणाचा भाव ते लावण्य.”

म्हणजे खारटपणा! बाकावरच्या मैत्रिणीने हळूच स्वतःचा हात चाटून पाहिला. मे महिन्यात आम्ही सगळ्याच लावण्यवती, असं ती पुढे दहावीपर्यंत म्हणत असे.

मग घरातले शब्द गोळा करायची चढाओढ लागली. लोणचं आलं. मीठ नसलेलं ते अळणी, तेही आलं. आजी दृष्ट काढायची ते निंबलोण आलं: कडुनिंबाचा पाला आणि मीठ. रूप लवणाचं आणि त्याला लागलेली नजरही लवणानेच उतरवायची, हे मला अजून गमतीचं वाटतं. मी फार हुशारीने ‘लोणी’ म्हटलं आणि पडले. ते नवनीतापासून आलेलं, मिठाशी त्याचं काही नातं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर पाण्याचा पेला होता. रात्री त्यात मीठ टाकलं होतं म्हणाल्या. “काढून दाखवा.” कसं काढणार? मग तिघांना चमच्याने वरचं, मधलं आणि तळाचं पाणी चाखायला दिलं. तिन्हीकडे खारटच. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच करायला लावतो. त्याला शिकवायचं होतं ते फार मोठं, सगळ्यात भरून राहिलेलं सत् वगैरे. ते आमच्या डोक्यावरून गेलं. पण त्याच पेल्याशेजारी बाईंनी फळ्यावर आनंदवर्धनाची ओळ लिहिली, ती मात्र राहिली: ‘यत्तत्प्रसिद्धावयवातिरिक्तं विभाति लावण्यमिवाङ्गनासु’. नवव्या शतकातला हा काश्मिरी पंडित म्हणतो, थोर कवींच्या वाणीत शब्दार्थापलीकडचं काही असतं. बाईमाणसाच्या नाकाडोळ्यांहून वेगळं लावण्य असतं ना, तसं. नाक सरळ आहे, डोळे मोठे आहेत, हे बोट ठेवून सांगता येतं. लावण्यावर बोट ठेवता येत नाही, पेल्यातल्या मिठासारखं. पुढे कॉलेजात आनंदवर्धनाच्या या विचाराची, ध्वनिसिद्धान्ताची, जाड पुस्तकं वाचली, पण त्या पेल्यापलीकडे मला फारसं काही कळलं असं वाटत नाही.

चित्रकलेच्या सरांना हे कळलं तेव्हा त्यांनीही आपलं घोडं पुढे दामटलं. चित्राची जुनी सहा अंगं सांगितलेली आहेत, त्यांत ‘लावण्ययोजना’ येते म्हणाले. “पण तुमची एलिमेंटरी आहे, आधी रेघ सरळ काढा. रेघ चांगली ती सुरेख!”

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो इथून. ‘लावण्य’ मिठातून आलं. पण ‘आमटीला काय लावण्य आहे’ असं म्हणून बघा, घरचे कपाळाला हात लावून ताप बघतील. आमटीला आपण काय म्हणतो? सुरेख! सुरेखमध्ये रेघ आहे, चित्र आहे, अक्षर आहे, बघायचं सगळं आहे, चवीचं काहीच नाही. म्हणजे स्वयंपाकघरातला शब्द चेहऱ्यावर जाऊन बसला आणि कागदावरचा शब्द पानात येऊन पडला. ही अदलाबदल कधी झाली कोण जाणे; पण डोळा आणि जीभ हे शेजारी आहेत, उसनंपासनं चालायचंच.

आता ‘लावण्य’ फार स्वस्त झालंय. ब्यूटी पार्लरची पाटी, साबणाची जाहिरात, लग्नपत्रिकेतली मुलगी. तरी तो शब्द घाट, चांदणं, नर्तकी यांच्यापाशीच शोभतो. नवी इमारत ‘लावण्यपूर्ण’ आहे असं मध्यंतरी वाचलं आणि मला दातांखाली खडा आल्यासारखं झालं.

गेल्या मे महिन्यात बाईंकडे गेले होते. ऐंशी ओलांडल्यात. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलंय आणि त्या स्वतःपुरतं वेगळं शिजवत नाहीत. मला आग्रहाने जेवायला बसवलं. आमटी ठार अळणी.

“कशी झालीय गो?”

“सुरेख,” मी म्हटलं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “रेघ बरी दिसली तुला,” म्हणाल्या आणि मिठाची बरणी माझ्यापुढे सरकवली.