चार मीटर बाकी

मंगळवार, रात्री

सकाळी रहदारी सुरू व्हायच्या आत आम्ही दोघी चौकात गेलो. मैत्रीण कडेला घड्याळ धरून उभी राहिली. हिरवा दिवा लागला तशी मी चालायला लागले. रस्ता 12 मीटर रुंद आहे, परवा नातवाने टेप धरून मोजून दिला. दिवा 10 सेकंदच हिरवा होता. तो लाल झाला तेव्हा पलीकडची कड अजून 4 मीटर लांब होती, म्हणजे गाड्यांची एक अख्खी मार्गिका आणि वर दोन पावलं. सकाळची वेळ म्हणून निभावलं. संध्याकाळी त्याच जागी हॉर्न वाजले असते.

घरी येऊन हिशेब मांडला. 12 मीटर 10 सेकंदांत, म्हणजे सेकंदाला 1.2 मीटर. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना बऱ्याच देशांत वर्षानुवर्षं हाच वेग धरत आले आहेत. इंग्लंडमध्ये पासष्टीपुढच्या माणसांची चाल मोजली, तेव्हा पुरुषांचा सरासरी वेग 0.9 आणि बायकांचा 0.8 निघाला. तो अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. माझाही आजचा वेग 0.8 च आला. हे आकडे समोर आले आणि मनावरचं ओझं उतरलं. इतके दिवस मला वाटत होतं की मीच कमी पडते आहे. मी माझ्या वयाच्या चालीने चालते आहे, वेळ तेवढी माझ्यासाठी लावलेली नाही.

गेल्या आठवड्यातल्या सभेत हेच सांगायचं होतं, पण तेव्हा हातात आकडे नव्हते. ज्येष्ठांची मतं ऐकायला बोलावलं होतं. या चौकाचा विषय निघाला तसं समोरून उत्तर आलं की तिथे कित्येक वर्षांत वृद्ध पादचाऱ्याचा एकही अपघात नोंदलेला नाही, म्हणजे जागा सुरक्षित आहे. मला बोलायलाच सुचेना. अहो, आम्ही तिथून जाणंच सोडलं आहे! माझ्या ओळखीच्या पाच जणी त्या रस्त्याच्या पलीकडे एकट्या जात नाहीत. त्यांचं वाचनालय सुटलं, बहिणीकडचं जाणं सुटलं. अपघाताची नोंद होते. घरी बसलेल्या बाईची नोंद कोण ठेवणार?

सिंगापूरमध्ये 2009 पासून ज्येष्ठांनी आपलं सवलतीचं कार्ड सिग्नलच्या खांबाला लावलं की हिरवा दिवा जास्त वेळ राहतो. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे 3 ते 13 सेकंद वाढवून मिळतात. मला 5 पुरले असते.

अण्णांचं म्हणणं वेगळं. वेळ वाढवून काय होणार, गाड्या हळू चालायला हव्यात, असं ते सभेत उठून म्हणाले. त्यांचंही खरं आहे. ताशी 30 ऐवजी 50 च्या वेगाने येणाऱ्या गाडीच्या धडकेत जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जा असते, आणि आमच्या वयाची हाडं ती कशी सोसणार? 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही हेच आहे: जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे वेग ताशी 30 किलोमीटरच्या वर नको. मग कुणीतरी गतिरोधक सुचवले, तर अण्णांनी त्यालाच विरोध केला. बसमध्ये मागच्या सीटवर बसलं की प्रत्येक उंचवट्याला त्यांच्या मणक्यातून कळ जाते. त्यापेक्षा वळणाचं तोंड अरुंद करा, म्हणजे गाडी आपोआप हळू होईल आणि ओलांडायचं अंतरही कमी होईल, असं त्यांनी सुचवलं. मला हे फार पटलं. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यालाच असं सुचतं.

मैत्रीण सभेत गप्प होती. परतताना म्हणाली, "मला सिग्नलची भीती नाही गं, बसची आहे." दोन वर्षांपूर्वी ती बसमध्ये चढली, एक हात पिशवीत, दुसऱ्याने दांडा पकडायच्या आत बस सुटली. गचक्याने पडली आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण त्यानंतर ती बसमध्ये चढलेली नाही. बसची पायरी आता खाली आली आहे, लो-फ्लोअर गाड्या आल्या आहेत, हे तिला माहीत आहे. तिचं दुखणं पायरीपुढच्या चार सेकंदांचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली वृद्धांना सोयीच्या शहरांसाठी मार्गदर्शिका काढली. 30 हून अधिक शहरांतल्या वृद्धांना विचारून ती तयार केली होती. प्रवासी बसेपर्यंत चालकाने गाडी हलवू नये, हे तीत स्पष्ट लिहिलं आहे. तिला ते वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे माझ्यासारख्या आणखी आहेत तर."

शुक्रवारी लेखी मतं द्यायची आहेत. कागदावर सिग्नल, वळणाचं तोंड आणि थांब्याच्या वाटेवर एक बाक एवढं लिहून झालं. बाकाचं फारसं समजावावं लागू नये. दहा मिनिटांच्या वाटेत मला एकदा टेकावं लागतं, आणि आज मी कुणाच्या तरी कुंपणाच्या कट्ट्यावर टेकते. बसचा मुद्दा मात्र तिनेच तिच्या हाताने लिहावा असं ठरलं आहे.

गुरुवारी दुपारी, गर्दी नसताना, दोन थांबे जाऊन यायला ती कशीबशी तयार झाली आहे. मी आधी चढेन आणि चालकाला सांगेन, "दादा, मागून एक बाई येतायत. त्या बसल्या की निघा."