गांडूळ-वाम: बरणी क्रमांक ४ ते ७

मागच्या नोंदीत बरणी क्रमांक ४ मधला मासा मी गांडूळ-वाम, म्हणजे गांडुळासारखा बारीक समुद्री वाम, म्हणून सांगितला होता. तो गांडूळ-वाम नाही. चिठ्ठी बदलली आहे. का बदलावी लागली ते सविस्तर लिहितो, कारण तुमच्यापैकी दोघांनी पाठवलेल्या फोटोंतही हाच घोळ झालाय असं मला वाटतं.

बेळगावात राहून समुद्री वामींचा नाद करायचा म्हणजे येईल त्या मालावर भागवायचं. कारवार-वेंगुर्ल्याकडून येणाऱ्या बर्फाच्या पेट्यांत कोळंबीबरोबर बारीकसारीक काहीबाही येतं, ते मासळीवाल्या मावशी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. पहिल्यांदा मागितलं तेव्हा "हे घेऊन काय करायलास रे? मांजरंबी खात न्हाईत," म्हणाल्या होत्या. आता स्वतःच पिशवीत बांधून ठेवतात आणि पैसे घेत नाहीत. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे ते दोन महिने नवीन काही आलं नाही. मी जुन्या बरण्या काढून बसलो.

क्रमांक ४ ची लांबी ४१० मि.मी. मातकट तपकिरी रंग, अंग दोरीसारखं, डोळा मोहरीएवढा, अंगावर खवला नाही. गांडुळासारखा दिसतो म्हणून गांडूळ-वाम, एवढ्यावरच मी चिठ्ठी लावली होती. उद्यमबागेतल्या कारखान्यात दिवसभर मी सुट्या भागांची मापं तपासतो, तिथं नजरेनं पाहून एकही भाग पुढं सोडत नाही. माशाच्या बाबतीत मात्र तसाच सोडला होता. जुलैत व्हर्नियर मापपट्टी घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली, आणि उत्तर शेपटीच्या शेवटच्या पाच मिलिमीटरमध्ये सापडलं.

शेपटी अशी बघा. पसरट ताटलीत बोटभर पाणी घ्या, तळाशी काळा कागद ठेवा, मासा पाण्यात सोडा आणि शेपटीचं टोक भिंगाखाली आणा. क्रमांक ४ चं टोक उघडं, टणक आणि अणकुचीदार निघालं. वरचा आणि खालचा पर (पोहायचा पंख) टोकाच्या अलीकडेच संपतो. नखावर दाबलं तर बोथट झालेल्या सुईसारखं टोचतं. क्रमांक ६ पाण्यात सोडला तेव्हा दोन्ही पर टोकाला वळसा घालून एकमेकांना मिळालेले दिसले, आणि त्या झालरीत केसासारखे बारीक काटे मोजता येत होते. बोटाला टोचणं सोडाच, काही लागतसुद्धा नाही.

हा फरक म्हणजेच वर्गीकरणातली मोठी वाट आहे. ऑफिक्थिडी हे कुळ, मत्स्यशास्त्रज्ञ गुंथरनं १८७० मध्ये मांडलेलं, आज ३०० हून अधिक जातींचं. त्याची दोन उपकुळं. ऑफिक्थिनी म्हणजे सर्प-वाम. यांचं टोक बहुधा टणक आणि परहीन, आणि त्याच टोकानं ते वाळूत उलटे, शेपटीकडून घुसतात. मायरोफिनी म्हणजे गांडूळ-वाम. यांना लवचिक शेपूटपर असतो आणि तो वरच्या-खालच्या परांशी जोडलेला असतो. कल्ल्याचं छिद्रही बघावं. गांडूळ-वामीत ते अंगाच्या कडेला मधोमध, आकसलेलं असतं. सर्प-वामींत ते मोकळं असतं आणि कित्येकांत पार पोटाकडे उतरलेलं दिसतं.

तेव्हा क्रमांक ४ सर्प-वाम. छातीचे पर आहेत, दात टोकदार नसून वाटाण्यासारखे गोल, आणि पाठीचा पर छातीच्या पराच्या बराच मागं सुरू होतो. शास्त्रीय नाव पिसोडोनोफिस बोरो. खाडीत राहणारा आणि भातखाचरांतही शिरणारा. यातलं 'बोरो' हे नाव १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टननं गंगेच्या माशांवर लिहिताना दिलं. हाच माणूस बुकानन या नावानं १८००-०१ मध्ये म्हैसूर, कॅनरा, मलबार हिंडला होता. आपल्या खालच्या किनाऱ्यावरून गेलेल्या माणसानं दिलेलं नाव माझ्या बरणीवर लागलं, याचा मला फार आनंद आहे.

क्रमांक ५ ची शेपटी बर्फात तुटलेली होती. टोकच नाही म्हटल्यावर तो बाजूला ठेवला.

आता क्रमांक ६, माझा पहिला खरा गांडूळ-वाम. लांबी १८२ मि.मी., अंगाची जाडी जेमतेम ५. छातीचे पर अजिबात नाहीत, त्यामुळे मायरोफिस आणि नीनकेलिस या गांडूळ-वामींच्या प्रजाती बाद, त्यांना ते असतात. उरतो तो म्युरेनिक्थिसचा गट. हे नाव ब्लीकर या मत्स्यशास्त्रज्ञाचं, १८५३ चं. त्याच्या अगदी जवळची स्कोलेसेन्केलिस ही प्रजाती ऑगिल्बीनं १८९७ मध्ये मांडली. ग्रीकमध्ये 'स्कोलेक्स' म्हणजे किडा-गांडूळ आणि 'एन्केलिस' म्हणजे वाम. म्हणजे मी घरी वापरतो तोच शब्द. पुढं जातीपर्यंत जायचं तर पाठीचा पर गुदद्वाराच्या पुढं सुरू होतो की मागं, आणि किती अंतरावर, हे माप लागतं. पर इतका बुटका आणि पारदर्शक आहे की तीन वेळा मोजलं आणि तीन वेगळे आकडे आले. चौथ्यांदा शाईचा एक थेंब पाण्यात सोडला, तेव्हा पराची कड उठून दिसली.

एक गोष्ट मात्र पुन्हापुन्हा बघतोय. घसा वर करून टॉर्चसमोर धरला तर कातडीआडून बारीक वाकडे काटे दिसतात. डाव्या-उजव्या बाजूचे काटे मध्यरेषेवर एकमेकांवर चढलेले, हुबेहूब बुरडाच्या बुट्टीची वीण. हे कल्लेपटलाचे, म्हणजे कल्ल्यांखालच्या पडद्याचे काटे, आणि ही वीण संपूर्ण ऑफिक्थिडी कुळाची खूण आहे. क्रमांक ४ मध्येही सापडली. मागची नाकपुडी वरच्या ओठावरच उघडते, तेही दोघांत सारखं.

क्रमांक ७ सप्टेंबरात तेरेखोलच्या खाडीतून मित्रानं आणला. याच्या घशात वीण नाही. लांबी २६४, नाकापासून गुदद्वारापर्यंत १८१, म्हणजे धड लांबलचक आणि शेपटी आखूड. क्रमांक ६ मध्ये हेच माप १८२ पैकी ७९ होतं. डोळा कातडीखाली बुडालेला, खालचा जबडा वरच्याच्या पुढं, पर फक्त मागच्या भागात नावापुरते. पोट चिरलं तर हृदय कल्ल्यांच्या कितीतरी मागं! हा मोरिंग्वा. कूळच वेगळं, मोरिंग्विडी. इंग्रजीत यालाही गांडूळ-वाम म्हणायची पद्धत असल्यानं गोंधळ होतो. हा वाळूत डोक्याकडून घुसतो. मोठं होताना यांचे डोळे आणि पर वाढतात, रंगही बदलतो, त्यामुळे लहान-मोठे नमुने पूर्वी वेगळ्या जाती समजले गेले होते.

खानापूरच्या एका वाचकानं जुलैत शेताच्या बांधावरचा फोटो पाठवून "हा कुठला वाम?" असं विचारलं होतं. ते देवगांडूळ, म्हणजे बेडकांच्या गोतातला उभयचर. अंगावर वळी, पर कुठंच नाही, डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये इवलासा स्पर्शक. २००७ मध्ये वर्णन झालेल्या गेगेनिओफिस म्हादेईएन्सिसला तर म्हादईचंच नाव आहे. फोटो काढून त्याला तिथंच सोडलं हे उत्तम केलं. मलप्रभेतला काटेरी पाठीचा वामही खऱ्या वामींच्या गणातला नाही, तो पुन्हा वेगळा.

टिकवण्याबद्दल थोडं. वाम मेल्यावर वेटोळं घालतो आणि तसाच ताठ झाला तर मापच घेता येत नाही. मी अर्ध्यात चिरलेल्या पीव्हीसी पाइपात तो सरळ ठेवतो, त्यावर दहा टक्के फॉर्मॅलिन, मग धुऊन सत्तर टक्के अल्कोहोल. फॉर्मॅलिनचं काम गच्चीवर, हातमोजे घालूनच. मापं आधी घ्या, नंतर मासा आकसतो.

क्रमांक ६ चे मणके मोजायचे राहिलेत. ते शंभराच्या वर असतात आणि क्ष-किरणाशिवाय दिसत नाहीत. दातांचे डॉक्टर असलेला एक मित्र तयार झालाय. त्याची फिल्म लहान असल्यानं माशाचं चित्र पाच-सहा तुकड्यांत घ्यावं लागेल, म्हणून दर ३० मि.मी.वर तांब्याची बारीक तार बांधून ठेवली आहे, जोडताना मणका दोनदा मोजला जाऊ नये. रविवारी सकाळी जातोय.