‘वजा वजा अधिक’ कुठे लावायचं?

सहावी-सातवीत पूर्णांक संख्या आल्या की ‘वजा वजा अधिक’ मुलांच्या तोंडी बसतं आणि पुढे तेच नडतं. −3 − 5 = 8 लिहिणारं मूल नियम विसरलेलं नसतं, तो नको तिथे लावत असतं. बेरीज-वजाबाकीत दोन वजा एकमेकांना लागून आले, 3 − (−5) सारखे, तरच अधिक होतं. −3 − 5 मध्ये शून्याच्या तीन खाली असताना आणखी पाच खाली जायचंय. उत्तर −8.

कोकणातल्या मुलांना हे शिकवायला भरती-ओहोटीचं वेळापत्रक हाताशी आहे. सागरी नकाशातलं शून्य म्हणजे साधारणपणे सगळ्यात मोठ्या ओहोटीच्या पाण्याची पातळी. त्याखालची खोली धन. ओहोटीत उघडी पडणारी जागा शून्याच्या वर असते. नकाशात तिचा आकडा अधोरेखित असतो, हिशेबात तो ऋण धरायचा. वेळापत्रकातली भरती-ओहोटीची उंचीही याच शून्यापासून मोजलेली असते. ती उंची अधिक नकाशातली खोली, म्हणजे तिथलं पाणी.

अलिबागला कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीत चालत जातात, ती वाट घ्या. समजा, तिथली वाळू शून्याच्या 1 मीटर वर आहे, म्हणजे खोली −1. भरती 4 मीटर असेल तर 4 + (−1) = 3, डोक्यावरून पाणी. ओहोटी 0 असेल तर 0 + (−1) = −1, वाळू पाण्याच्या मीटरभर वर. (आकडे उदाहरणापुरते आहेत, खरंच जायचं असेल तर किनाऱ्यावर वेळ विचारूनच निघा.)

आता पाणी किती उतरलं? 3 − (−1). घाईत मुलं 2 लिहितात. पण वेळापत्रकातून पाहा: 4 − 0 = 4. समुद्र तोच, उतार तोच, मग उत्तर वेगळं कसं येईल? वाळूपर्यंत उतरायला 3, तिच्याखाली आणखी 1. म्हणून 3 − (−1) = 3 + 1. हे एकदा पटलं की पाठांतराची गरज उरत नाही. ब्रह्मगुप्ताने 628 सालीच लिहून ठेवलंय की शून्यातून ऋण वजा केलं की धन येतं.

वजाबाकीत पहिली संख्या जशीच्या तशी ठेवायची, मधल्या वजाचं अधिक करायचं आणि फक्त दुसरीची विरुद्ध संख्या घ्यायची. −6 − (−2) म्हणजे −6 + 2. चिन्हं वेगळी, म्हणून 6 मधून 2 काढा, मोठ्याचं चिन्ह द्या: −4. पहिलीही उलटवली की 8 येतं, वह्यांत ही चूक फार दिसते. आणि 4 + −1 असं लिहू देऊ नका, कंस घालायलाच लावा.