काटा खाली आला तेव्हा

पोफळीच्या पायथ्याशी माझं गॅरेज आहे आणि कुंभार्ली घाटाच्या कठड्यावर माझा मोबाइल नंबर रंगवलेला आहे. मे महिन्यात त्या नंबरावर येणारे निम्मे फोन एकाच कारणाचे असतात, इंजिन तापलं. गाडी पूर्ण भरलेली, वर सामान, एसी चालू, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सलग चढ. इंजिन मेहनत करतंय आणि समोरून वारा मात्र फारसा लागत नाही.

त्या रविवारी दुपारी दोनच्या सुमारास फोन आला. "दादा, बोनेटमधून धूर आला म्हणून गाडी थांबवली होती. पण आता टेम्परेचरचा काटा खाली आलाय. हळूहळू वर नेऊ का?"

मी जेवत होतो, तसाच उठलो. विचारलं, "गाडी चालू आहे?"

"हो, आत्ताच परत चालू केली."

"आधी बंद करा. ताबडतोब."

टेम्परेचरचा सेन्सर कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, बुडालेला असतो, तो कूलंटचं तापमान सांगतो. कूलंटच निघून गेलं तर त्याच्याभोवती हवा आणि वाफ उरते आणि काटा खाली येऊ शकतो. लोकांना वाटतं गाडी थंड झाली. खरं तर इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, तेव्हा सगळ्यात जास्त तापलेलं असतं. अशी नेलेली तीन इंजिनं मी माझ्या हातांनी खोललीत. हेड बेंड, हेडखालचा सांधा बंद ठेवणारं गॅस्केट उडालेलं, एकात तर पिस्टनही धरलेला. मालकाचा चेहरा बघवत नाही.

त्यांना सांगितलं, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकाला दगड लावा, सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब सावलीत बसवा आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. झाकणाचं दोनदा सांगितलं. दहा लिटरचा पाण्याचा कॅन, कूलंट, क्लिपा आणि पान्यांची पिशवी मोटारसायकलला बांधून निघालो. गाडी दिसण्याआधीच दोन वळणं रस्त्यावर हिरवट थेंबांची रेघ दिसत होती. तेव्हाच कळलं, गळती आहे.

पोहोचलो तर बोनेट उघडं आणि एक आजोबा टॉवेलची घडी करून झाकणावर हात ठेवायच्या बेतात. मी गाडी स्टँडवर न लावताच ओरडलो. २००९ साली माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोराने असंच झाकण फिरवलं होतं. कोपरापर्यंत हात भाजला. त्या वेळी मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि त्याला आधी सांगून ठेवलं नव्हतं. आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, पण मनगटावरचा डाग अजून तसाच आहे.

आजोबांना राग आला. "आम्ही घागरभर पाणी ओतून गाड्या चालवल्यात."

"आजोबा, हे झाकण आत साधारण एक बार दाब धरून ठेवतं. म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि तेच पाणी उसळून तोंडावर येतं. आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे, तापलेल्यावर गार पाणी पडलं तर वाकतं, तडकतं."

रेडिएटरची वरची होज, म्हणजे रबरी नळी, रुमालाने दाबून पाहिली. कडक होती, म्हणजे आत दाब होता. मग थांबणं आलं. पाऊण तास. घाटात पाऊण तास लोकांना फार मोठा वाटतो. एवढ्या वेळात गाडीतल्या ताईंनी मला दोनदा विचारलं, की मी काही करत का नाही. करण्यासारखं तेवढंच होतं.

होज मऊ पडल्यावर जाड कापड धरून झाकण थोडंसं फिरवलं, फुस्स आवाज पूर्ण थांबू दिला, मगच काढलं. आत पाणी दिसेना. खालच्या होजला क्लिपपाशी चीर होती. होजला थोडी ढील होती, म्हणून दीड इंच कापून नवी क्लिप आवळली. पाणी आणि कूलंट हळूहळू ओतलं, इंजिन सुरू केलं, आतली हवा निघावी म्हणून हीटर पूर्ण लावला. मग भीती वाटत होती ती गोष्ट तपासली. ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, डिपस्टिकवरचं ऑइल पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं झालेलं नव्हतं, रेडिएटरच्या तोंडात बुडबुडेही सतत येत नव्हते. गॅस्केट वाचलं होतं. काटा मध्यावर आला, थोडा वर सरकला आणि खट्ट करून फॅन लागला. तो आवाज ऐकून मला खरंच हलकं वाटलं.

एसी बंद, खिडक्या उघड्या, हीटर चालू. मे महिन्यात घामाने निथळत त्यांना तसंच जायला लावलं, कारण हीटरही इंजिनाची उष्णता ओढून घेतो. हेळवाकपर्यंत मी मागे मोटारसायकलवर होतो. तिथे थांबून होजखाली वाकून पाहिलं, कोरडी होती. कराडला पोहोचल्यावर होज बदला आणि कूलंट पूर्ण नवं भरा, असं सांगितलं. आजोबा उतरले, माझा रुमाल मागून घेतला आणि वरची होज स्वतः दाबून पाहिली. "आता कडक लागते," म्हणाले. मी म्हटलं, "हो, आता गाडी गरम आहे. आता झाकण उघडायचं नाही."